बोर्ड बदलण्याआधी

बेळगावची हवा थंड, इथे एसीचे काम कितीसे मिळणार, असे रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या दोन वर्षांच्या आयटीआय अभ्यासक्रमाला नाव घालताना मला घरच्या सगळ्यांनी ऐकवले होते. घरगुती एसीपुरते ते फारसे चुकीचेही नव्हते. मात्र खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या दूध संकलन केंद्रांवरचे कूलर, शहरातल्या बेकऱ्यांचे ओव्हन आणि उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या हे सगळे या कामात येते, आणि त्यातले निम्मे बिघाड आता गॅस किंवा काॅम्प्रेसरचे नसून इलेक्ट्रॉनिक्सचे असतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळले.

पहिल्याच पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका केंद्रावर मी चांगलाच तोंडघशी पडलो. कूलरच्या डिस्प्लेवर 4 अंश दिसत होते, काॅम्प्रेसर वेळेवर बंद होत होता, तरी दूध नासत असल्याची तक्रार होती. मी कंट्रोल बोर्ड, म्हणजे सेन्सरचा आकडा वाचून काॅम्प्रेसर चालू-बंद करणारे सर्किट, बदलला. नवा बोर्डही तेच 4 अंश दाखवू लागला. दुसऱ्या दिवशी आमचे मिस्त्रीकाका आले, त्यांनी खिशातला काचेचा थर्मामीटर दुधात बुडवला आणि म्हणाले, "बोर्डाला काय विचारतोस? दुधाला विचार की." पारा 9 वर होता.

दोष सेन्सरच्या कनेक्टरमध्ये होता. ओल लागून त्याच्या पिनांवर हिरवट थर चढला होता. अशा यंत्रांत तापमान मोजायला बहुधा एनटीसी थर्मिस्टर असतो. तो अर्धवाहक पदार्थाचा असून तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो आणि उतरले की वाढतो. त्या कूलरचा सेन्सर 25 अंशांना 10 किलो-ओहम दाखवणारा होता. तो 9 अंशांना साधारण 21 आणि 4 अंशांना साधारण 27 किलो-ओहम दाखवतो. गंजलेल्या पिनांनी मधल्यामध्ये सहा किलो-ओहमची भर घातली होती, त्यामुळे बोर्डाला 9 अंशांचे दूध 4 अंशांचे भासत होते. बोर्ड बिचारा मिळालेल्या आकड्यावर बिनचूक वागत होता. तेव्हापासून मी सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात, म्हणजे 0 अंशांना, धरतो आणि मल्टिमीटरवर 32–33 किलो-ओहम येतात का ते आधी पाहतो. मग तीच मोजणी बोर्डाकडच्या टोकाला, कनेक्टर धरून, पुन्हा करतो. या भागातल्या पावसात कनेक्टरवर आणि बोर्डावर शिरणाऱ्या पाली-मुंग्यांवर जितका संशय घ्याल तितका थोडाच. मेलेली पाल दोन टर्मिनलांवर आडवी पडलेली मी तीनदा पाहिली आहे.

तापवणाऱ्या यंत्रांत धोका वेगळा असतो. ओव्हनमध्ये हीटर चालू-बंद करण्यासाठी सॉलिड स्टेट रिले, म्हणजे एसएसआर, वापरतात. त्यात हलणारे संपर्क नसून ट्रायॅक किंवा उलटसुलट जोडलेले दोन थायरिस्टर, असे अर्धवाहक स्विच असतात. चालू स्थितीत त्यावर साधारण एक ते दीड व्होल्ट पडतो, म्हणजे 20 अँपिअरच्या हीटरला 20 ते 30 वॅट उष्णता एसएसआरमध्येच तयार होते, आणि उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक नसेल किंवा थर्मल पेस्ट सुकलेली असेल तर तो जळतो. जळताना तो बहुतेक वेळा शॉर्ट होतो. कंट्रोलरने बंद करायला सांगितले तरी हीटर तापतच राहतो, म्हणून एसएसआरच्या मागे वेगळा कॉन्टॅक्टर (पुरवठा तोडणारा मोठा रिले) आणि स्वतंत्र ओव्हरटेम्परेचर थर्मोस्टॅट नसलेल्या ओव्हनला मी दुरुस्ती करून तसाच सोडत नाही, मालक कितीही कुरकुरला तरी.

इन्व्हर्टर एसीकडे वळलात तर सगळ्यात आधी कॅपॅसिटरची, म्हणजे बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या घटकाची, भीती बाळगा. 230 व्होल्टचा पुरवठा त्याचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेल्यावर कॅपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यानंतरही काही वेळ टिकतात. पुरवठा तोडून थांबावे, मग डीसी व्होल्ट मोजावे, आणि ते शून्याजवळ आल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये. पुढची तपासणी आयपीएमची, म्हणजे काॅम्प्रेसर चालवणाऱ्या सहा आयजीबीटींच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या) मॉड्यूलची. मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून लाल वायर डीसीच्या ऋण टोकाला आणि काळी काॅम्प्रेसरकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू या तिन्हींना आळीपाळीने लावली तर तिन्ही आकडे सारखे, साधारण 0.4 ते 0.5 व्होल्ट, यायला हवेत. एखादा शून्याजवळ आला तर आयपीएम गेला. तरीही लगेच नवा बसवू नका. काॅम्प्रेसरच्या तिन्ही वाइंडिंगांचा (तारेच्या वेटोळ्यांचा) रोध सारखा आहे का आणि त्यातले एखादे बॉडीला लागलेले नाही ना, हे पाहा, नाहीतर नवाही जातो. कॅपॅसिटर रिकामा करायला स्क्रूड्रायव्हर टेकवणारे पुष्कळ भेटतील. माझ्या पिशवीत त्यासाठी 100 वॅटचा जुना बल्ब होल्डर आणि दोन वायरींसकट असतो. तो क्षणभर पेटतो आणि विझतो, त्यानंतर मीटर लावायचा.