घरचा डीबी बदलताना या चुका टाळा

जुना डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड, म्हणजे घरभरच्या एमसीबी बसवलेली पेटी) काढून नवा बसवायचं ठरलं की पहिली चर्चा रंगते ती कंपनी कुठली आणि बारा वे (बारा एमसीबींची जागा असलेला) घ्यावा की सोळा, यावर. खरा प्रश्न डीबीच्या मागे, भिंतीत असतो. तिथून येणाऱ्या वायरी किती जाडीच्या आहेत आणि त्यांची अवस्था काय आहे? एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून (बंद होऊन) लायन तोडणारा स्विच, माणसाला शॉकपासून वाचवत नाही आणि फ्रिजलाही जपत नाही. वायर जळू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. त्यामुळे वायरी न बघता निवडलेला डीबी कितीही भारी असला तरी अंदाजपंचेच.

"एमसीबी सारखी पडते, मोठी टाका"

डीबीच्या कामातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात धोकादायक चूक ही. तांब्याच्या वायरीचा ढोबळ हिशोब असा: १.५ चौरस मिमीला १० अँपिअर, २.५ ला १६ किंवा २०, ४ ला २५. एकाच पाइपात पाच-सहा सर्किटं कोंबली असतील किंवा वायर गरम जागेतून जात असेल, तर याहून कमी धरावं लागतं.

एमसीबीवर १६ लिहिलंय म्हणून ती सतराव्या अँपिअरला पडते असं नाही. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार (आयईसी ६०८९८) लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर गेला तरी ती पडता कामा नये, आणि १.४५ पट गेला तर तासाभरात पडलीच पाहिजे. म्हणजे १६ च्या एमसीबीतून २३ अँपिअर बराच वेळ वाहू शकतात. तिच्या जागी ३२ ची टाकली तर ४६. तेवढ्या करंटने २.५ च्या वायरीचं इन्सुलेशन भिंतीच्या आत भाजून कडक होतं, तडकतं. एमसीबी मात्र वरच राहते, कारण तिच्या लेखी काही बिघडलेलंच नसतं.

म्हणून ती पडते कधी, हे आधी बघा. वर करताक्षणीच पडत असेल तर शॉर्ट. वीस-पंचवीस मिनिटांनी पडत असेल तर लोड जास्त, किंवा तिचाच स्क्रू ढिला असून ती उष्णता आतल्या, तापली की एमसीबी पाडणाऱ्या पट्टीला लागते. फक्त पंप किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना पडत असेल तर अँपिअर नव्हे, तिचा कर्व्ह (प्रकार) तपासा. बी कर्व्हची एमसीबी ३ ते ५ पट करंटला तत्काळ पडते, सी कर्व्हची ५ ते १० पटीला. मोटरच्या सर्किटला साधारणपणे सी लागते.

लोडच जास्त असेल तर उपाय एकच: नवी वायर ओढून वेगळं सर्किट. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर खातो. त्याच लायनीवर इस्त्री आणि मायक्रोवेव्ह आले की १६ ची हद्द ओलांडलीच.

ढिले स्क्रू

नव्या डीबीत जळकट वास येतो तेव्हा बहुतेक वेळा कारण असतं जोड. हिशोब करून बघा: जोडात अवघा ०.१ ओहम रोध आला आणि २० अँपिअर वाहिले, तर त्या एका ठिपक्यावर ४० वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्नचं टोक प्लास्टिकला टेकवून ठेवल्यासारखंच ते. करंट वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबीला याचा पत्ताही नसतो.

चुका ठरलेल्या असतात. एका टर्मिनलमध्ये दोन वेगवेगळ्या जाडीच्या वायरी कोंबल्या जातात, मग जाड वायर पकडली जाते आणि बारीक मोकळीच राहते. मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) वायर लगशिवाय (टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोपीशिवाय) दाबतात आणि त्यातल्या चार-दोन तारा बाहेर राहतात. कधी वायरचं टोक क्लॅम्पच्या आत न जाता मागे सरकतं. स्क्रू घट्ट लागतो, पण वायर हलक्या हिसक्याने हातात येते. प्रत्येक वायर ओढून बघायला लावा. इलेक्ट्रिशियनला राग आला तर येऊ द्या. स्क्रू किती आवळायचा हे कंपनीने न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं आणि त्यासाठी टॉर्क स्क्रूड्रायव्हर मिळतो. एका कंपनीचा बसबार (एमसीबींना जोडणारी धातूची पट्टी) आणि दुसरीच्या एमसीबी ही जोडीही याच कारणासाठी टाळा, टर्मिनलची उंची जुळत नाही.

आरसीसीबी बसवली आणि घर अंधारात

शॉकपासून वाचवते ती आरसीसीबी. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ती ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची असेल तर १५ ते ३० च्या दरम्यानच्या फरकाला पडते. ओव्हरलोड आणि शॉर्ट मात्र तिला कळत नाहीत, म्हणून एमसीबी हवीच.

जुन्या घरात ती बसवली की पहिल्याच दिवशी पडायला लागते आणि कोणीतरी म्हणतं, "काढून टाका, खराब निघाली." बहुधा ती खराब नसते, वर्षानुवर्षं लपलेली चूक दाखवत असते. एका खोलीची फेज या सर्किटची आणि न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटची, किंवा कुठल्याशा स्विचबोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळलेले. आरसीसीबीतून निघालेल्या फेजची न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून परतली पाहिजे. दोन आरसीसीबी असतील तर न्यूट्रलच्या पट्ट्याही दोन. इन्व्हर्टरच्या आउटपुटची न्यूट्रलही वेगळी ठेवावी लागते, ती सरसकट सगळ्यांत मिसळली की गोंधळ ठरलेला.

दोष शोधताना लोक एकेक एमसीबी खाली करतात. पण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. दोष न्यूट्रल-अर्थचा असेल तर ती खाली करूनही आरसीसीबी पडतच राहू शकते. तेव्हा मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल एकेक करून सोडवून पाहावी लागते.

कुठेच दोष नाही आणि तरी अधूनमधून पडते? संगणक, एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी ही सगळी उपकरणं थोडा थोडा करंट अर्थमध्ये सोडतच असतात. त्याची बेरीज ९ मिलिअँपिअरच्या पुढे जाऊ नये, म्हणजे ३० चे ३० टक्के. जास्त असेल तर घर दोन-तीन आरसीसीबींवर वाटा. अशा उपकरणांसाठी टाइप ए आरसीसीबी घ्या, टाइप एसी (हा आरसीसीबीचा प्रकार, खोलीतला एसी नव्हे) नको.

टेस्ट बटण दाबलं, पडली, म्हणजे अर्थिंग ठीक, हा समज तर मुळापासून चुकीचा. ते बटण आतल्या आतच फेज-न्यूट्रलमध्ये फरक निर्माण करतं, अर्थची वायर जोडलेलीच नसली तरी आरसीसीबी पडते. अर्थिंग नसेल तर करंट गळणारा गीझर गपचूप लाइव्ह राहतो आणि कोणी हात लावल्यावरच आरसीसीबी पडते. अर्थिंग उपकरणाने मोजूनच घ्या.

बाकीचं थोडक्यात. आयसोलेटर दिसायला एमसीबीसारखा असतो, पण आपोआप पडत नाही. तोच मेन म्हणून लावून संरक्षण झालं असं मानू नका. न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीच नको. थ्री फेज घरात न्यूट्रल तुटली की काही पॉइंटवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं. काही दिवे मंद आणि काही भगभगीत झाले तर लगेच मेन बंद करा. एसपीडी (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) बसवलात तर तिच्या जोडवायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. लांब वायरीने तिचा उपयोग बराच कमी होतो. जनरेटर सॉकेटमधून उलटा जोडणं हे लायनीवर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं, चेंजओव्हर स्विच (लायन आणि जनरेटर यांतलं एका वेळी एकच जोडणारा) लावाच.

काम संपल्यावर फक्त दिवे लागतात का एवढंच बघून पैसे देऊ नका. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासलं पाहिजे (एसपीडी आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवून), आणि आकडा किमान १ मेगाओहम यायला हवा. प्रत्येक एमसीबीवर खोलीचं नाव लिहून घ्या. आणि मेन खाली केला तरी त्याच्या मीटरकडच्या टर्मिनलवर वीज असतेच, शिवाय इन्व्हर्टरची लायनही जिवंत असू शकते. त्यामुळे डीबीचं झाकण स्वतः उघडू नका.