उन्हाळ्यात कुत्र्याला गाडीतून नेताना

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. अशा दिवसांत कुत्र्याला घेऊन निघायचं तर पहाटेच निघा आणि धाब्यावर चहाला उतरलात तरी त्याला बंद गाडीत मुळीच ठेवू नका. काच चार बोटं खाली केली तरी फारसा फरक पडत नाही. दहाच मिनिटांत आतलं तापमान साधारण 10 अंशांनी वाढतं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि कोंडलेल्या गरम हवेत तेही जमत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे तर फारच हाल होतात. जीभ लालभडक, लाळ घट्ट नि चिकट, चालताना तोल जातोय असं दिसलं की लगेच सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि थेट पशुवैद्याकडे चला.

चाळीसगावहून कन्नड घाट चढायचा असेल तर आधी तीन-चार तास खायला देऊ नका. वळणांवर अनेक कुत्र्यांना उलटी होते. पाणी मात्र देत राहा. बसवा मागच्या सीटवर, छातीच्या हार्नेसला अडकवून. गळपट्ट्याला बांधलं तर ब्रेक लागताच मानेला हिसका बसतो.