पाचशेची ऑर्डर, हातात किती?

ऑनलाइन विकायच्या मालाची किंमत लावण्याआधी एका ऑर्डरचा हिशेब कागदावर मांडा. पेमेंट गेटवेचा, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे आपल्या खात्यात पोचवणाऱ्या सेवेचा, दर २ टक्के असेल, तर ५०० रुपयांवर १० रुपये शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११.८० रुपये वजा होऊन ४८८.२० जमा होतात. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर एमडीआर (विक्रेत्याकडून घेतलं जाणारं व्यवहार शुल्क) नाही, तरी गेटवे स्वतःची फी लावू शकतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला सरळ क्यूआर कोड पाठवावा.

मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या साइटवर, कमिशनकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण खरी झळ बसते ती कुरियरची. ३०×२०×१५ सेंटिमीटरच्या खोक्यात अर्धा किलो चिवडा भरला, तरी बरेच कुरियरवाले खोक्याच्या आकारावरून वजन धरतात: तिन्ही मापांचा गुणाकार ९००० भागिले ५००० करून १.८ किलोचं बिल लावतात. खोकं मापाचंच घ्या. पॅक केल्यावर काट्यावर ठेवून, शेजारी मोजायची टेप लावून फोटो काढा; जादा वजन लावलं तर तोच पुरावा, आणि तक्रार मुदतीतच करावी लागते.

कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत आलं की भाडं बहुधा आपल्याच माथी. पाठवण्याआधी फोन करा.

मार्केटप्लेसने ०.५ टक्के टीसीएस (जीएसटीपोटी) आणि ०.१ टक्के टीडीएस (आयकरापोटी) कापलेला दिसला तर तो खर्चात धरू नका. पहिला जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे कर भरण्यासाठीच्या आपल्या खात्यात, येतो, दुसरा आयकर विवरणपत्रात वळता होतो.