शेवटा माशाच्या स्नायूवर कॅडमियम तपासायचंय? आधी बफरची बाटली बघा

टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) प्रोजेक्टची वेळ आली की गोव्याच्या खाणपट्ट्यातलं, डिचोली-सत्तरीकडचं कुणी ना कुणी विचारतंच, ‘मॅडम, जड धातूंचा स्नायूवर परिणाम बघायचाय, काय करू?’ मी सांगते, अख्ख्या स्नायूच्या मागे लागू नका, पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप धरा. एटीपी म्हणजे पेशीचं इंधन; त्याचा एक रेणू फोडून तो तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. तो मंदावला की आत सोडियम साठतं, पडद्यावरचा विद्युतदाब ढळतो आणि स्नायूचं आकुंचन बिघडतं. पारा आणि कॅडमियम या पंपाच्या सल्फहायड्रिल (गंधक-हायड्रोजनच्या) गटांना चिकटतात.

मासा बर्फातला चालेल, फ्रीझरमधला नको. मी मानशीवर (खाडीकाठच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) धरलेला शेवटा घेते. सकाळी बाजारात येतो तेव्हा कल्ले लालभडक असतात. कातडं सोलून पाठीचा पांढरा स्नायू कापा, बर्फावर ठेवलेल्या थंड सुक्रोज-ट्रिस बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घोटा आणि सेंट्रिफ्यूज करून पडद्यांचा भाग वेगळा काढा. हे टाळू नका. स्नायूत मायोसिन हे आकुंचन घडवणारं प्रथिनही एटीपी फोडतं, त्या गोंगाटात पंपाचं काम दिसत नाही.

प्रत्येक नमुन्याच्या दोन ट्यूब लावा. दोन्हींत सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि एटीपी. दुसरीत वर 1 मिलिमोलर वाबेन. वाबेन हा पंप बंद पाडतं, म्हणून दोन्हींतला फरक तेवढा पंपाचा. थंड ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घालून अभिक्रिया थांबवा आणि एटीपी फुटून सुटलेलं फॉस्फेट मॉलिब्डेटच्या निळ्या रंगावरून मोजा. ही फिस्के-सुब्बाराव पद्धत, 1925 सालची. सुब्बाराव म्हणजे आपले भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. फॉस्फेट मोजता मोजताच या दोघांना पुढे स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन सापडलं.

इथवर कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळेल. मुलं अडतात ती पुढे: धातू घातला तरी रीडिंग हलत नाही, मग ‘परिणाम नाही’ असं लिहून मोकळी होतात. अशा वेळी मी बफरची बाटली मागते. त्यात बहुतेकदा 1 मिलिमोलर ईडीटीए, म्हणजे धातू पकडून ठेवणारं रसायन, असतं. घोटलेल्या स्नायूचा वीस पटीने पातळ होणारा वाटा ट्यूबमध्ये गेला, तरी 50 मायक्रोमोलर ईडीटीए सोबत येतं. तुम्ही कॅडमियम घातलंत 50 मायक्रोमोलर. ईडीटीएने ते जवळजवळ सगळं गिळलं, पंपापर्यंत पोचलंच नाही. म्हणून शेवटचं धुणं ईडीटीएशिवायच्या बफरने करा. मर्कॅप्टोइथेनॉल आणि डीटीटीही नको: त्यांच्यातही सल्फहायड्रिल गट असतात, पारा आधी त्यांनाच चिकटतो. फॉस्फेट बफर तर अजिबात नको: मोजायचंय तेच आपण ओतायचं? शिवाय शिसं त्यात साका होऊन बसतं. पहिल्याच प्रोजेक्टला शिसं घेऊच नका, कारण पंपाने सोडलेलं फॉस्फेटही त्याच्याबरोबर खाली बसू शकतं.

काचसामान डिटर्जंटने धुतलं तर त्यातलं फॉस्फेट मागे राहू शकतं. सौम्य नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर भिजवून डिस्टिल्ड पाण्याने खळबळून घ्या. एटीपीच्या बाटलीवरही ‘व्हॅनॅडेटमुक्त’ लिहिलेलं असावं. 1977 साली उघड झालं की स्नायूपासून काढलेल्या एटीपीत व्हॅनॅडेट (व्हॅनेडियम धातूचं संयुग) होतं आणि तेच पंप रोखत होतं. म्हणजे कंट्रोलच, धातू न घातलेला नमुनाच विषारी!

कॅडमियम क्लोराइड 1, 10, 50 आणि 100 मायक्रोमोलर घ्या, एटीपी घालण्याआधी दहा मिनिटं पडद्यांसोबत ठेवा. प्रत्येक मात्रेला वाबेनची जोडी हवी, नाहीतर एटीपी फोडणाऱ्या इतर विकरांवरचा (एटीपीएझवरचा) परिणाम पंपाच्या नावावर चढेल. रीडिंग प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे मांडा.

निष्कर्षात ‘खाणीच्या पाण्याने स्नायू निकामी होतात’ असं लिहून आणू नका, मी खोडते. आपल्याकडचं खनिज लोखंडाचं आणि मँगनीजचं; तुम्ही ट्यूबमध्ये कॅडमियम घातलंय. नदीतल्या माशाबद्दल बोलायचं तर आधी त्याच्या स्नायूत धातू किती, ते मोजून आणा.

कॅडमियम आणि वाबेन दोन्ही विष आहेत, तेव्हा हातमोजे हवेतच. उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही. धातूचं नाव आणि तारीख लिहिलेली झाकणाची बाटली माझ्या टेबलाखाली असते, तिच्यात टाका. उरलेला शेवटा मात्र घरी न्यायला हरकत नाही, पण त्याला प्रयोगशाळेची सुरी लागलेली नसेल तरच.