गरम झाली की बंद, गार झाली की चालू

"ताई, तिसरी पेटी मागवू का?" भावाने विचारलं तेव्हा त्याच्या १९६९ च्या ६५० सीसी, जुळ्या सिलिंडरच्या मोटारसायकलवर इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या, म्हणजे प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणाऱ्या, दोन पेट्या लावून झाल्या होत्या. सकाळी दुसऱ्या किकला गाडी सुरू व्हायची, चाळीस मिनिटं गोड चालायची आणि मग एकदम गप्प. वीस मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा जणू काही झालंच नाही.

मी मूळची रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारी, गाड्यांच्या नादाला भावामुळे लागले. आमच्या कामात गरम झाल्यावरच येणारा दोष सगळ्यात छळतो. गिऱ्हाईक सेट आणून टेबलावर ठेवतं तेव्हा तो गार असतो आणि छान गातो. मोटारसायकल तरी काय वेगळी? ढकलत घरी आणेपर्यंत ती बरी झालेली असते. मग मल्टिमीटर लावायचा, सगळे आकडे बरोबर यायचे, आणि ज्याच्या आत बघता येत नाही त्या काळ्या पेटीवर आळ घ्यायचा. हे म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यासारखं. म्हणून गाडी जिथे बंद पडली तिथेच, गरम असतानाच तपासायची. त्यासाठी सीटखाली ठेवायचं सामान मोजकं आहे: छोटा मल्टिमीटर, एक चांगला जादा प्लग, दोन्ही टोकांना चिमटे असलेली मीटरभर लांब जाड वायर, एक फडकं आणि पाण्याची बाटली.

रस्त्याच्या कडेला

आधी टाकीचं झाकण उघडा. हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत निर्वात पोकळी होते, पेट्रोल उतरत नाही, आणि लक्षणं हुबेहूब इग्निशन गरम झाल्यासारखीच दिसतात: अर्धा-पाऊण तास ठीक, मग बंद, थोड्या वेळाने आपोआप चालू. झाकण उघडताना सुस्कारा ऐकू आला तर तुमचा चोर तिथेच सापडला. बंद कशी पडली हेही आठवा. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी आधी ओढ सोडते, अडखळते, मग मरते. इग्निशन गेलं की बहुधा किल्ली फिरवल्यासारखी जाते. हा नियम पक्का नाही, पण सुरुवात कुठून करायची ते त्यावरून कळतं.

आता ठिणगी. इंजिनातला प्लग काढू नका, नाहीतर भोकातून उडणारी पेट्रोलची वाफ आणि उघडी ठिणगी एकत्र येतील. जादा प्लग कॅपमध्ये घाला, त्याची धातूची बाजू हेडला (सिलिंडरच्या वरच्या भागाला) घट्ट टेकवा आणि किक मारा. जुळ्या सिलिंडरची दुसरी कॅप आहे तिथेच राहू द्या. कॅप हवेत लोंबकळत ठेवून किक मारायची सवय पॉइंटच्या (यांत्रिक स्विचने ठिणगी पाडणाऱ्या जुन्या) गाडीवर खपून जायची, इलेक्ट्रॉनिकवर ती महागात पडते. ठिणगीला वाट मिळाली नाही की तो विजेचा दाब कॉइलच्या (बॅटरीच्या थोड्या व्होल्टचे ठिणगीसाठी हजारो करणारी तारेची गुंडाळी) आतलं इन्सुलेशन फोडून बाहेर पडतो किंवा पेटीतल्या ट्रान्झिस्टरवर उलटतो.

ठिणगी नसेल तर किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) वायरिंगमधून बाजूला काढून बघा. इथे गाडीचा प्रकार माहीत हवा. मॅग्नेटवर चालणाऱ्या बहुतेक सीडीआय गाड्यांमध्ये (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाची वीज कपॅसिटरमध्ये साठवून ठिणगी देणाऱ्या) किल स्विच वायर अर्थ करून, म्हणजे गाडीच्या धातूला जोडून, गाडी बंद करतो, त्यामुळे ती वायर काढून ठेवली की चाचणी झाली. बॅटरीवरच्या इग्निशनमध्ये तोच स्विच पुरवठा तोडतो, म्हणजे त्याची वायर काढली तर गाडी कधीच सुरू होणार नाही. तिथे चिमट्यांची वायर वापरायची: बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून थेट पेटीच्या पुरवठ्याच्या वायरला. वायर जोडताच गाडी सुरू झाली तर पेटी, कॉइल, पिकअप (इंजिन कुठवर फिरलं ते पेटीला कळवणारा सेन्सर) सगळे निर्दोष. गुन्हेगार किल्लीचा स्विच, फ्यूजची पट्टी, जुना ॲमीटर किंवा मधला एखादा हिरवा पडलेला सांधा. काम झालं की ही वायर आठवणीने काढा, तिला फ्यूज नसतो आणि किल्लीने गाडी बंदही होणार नाही. जुन्या इंग्रजी गाड्यांमध्ये बॅटरीचं धन टोक अर्थ केलेलं असतं, हे चिमटा लावण्यापूर्वी स्वतःला दोनदा सांगा.

व्होल्टेज मोजायचं ते पेटीच्या तोंडाशी. बॅटरीवर १२.५ आणि पेटीपाशी, कॉइलमधून करंट वाहत असताना, ११ असेल तर दीड व्होल्ट वाटेतल्या सांध्यांनी खाल्लेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक मी चालवून घेत नाही. पॉइंट कमी व्होल्टेजवर कसेबसे ठिणगी देत राहायचे. जुन्या धाटणीच्या काही पेट्या मात्र १० व्होल्टच्या आसपास आल्या की टायमिंगच (ठिणगीची नेमकी वेळ) सोडतात, आणि मग किक उलटी येऊन पायाला प्रसाद मिळतो. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे: इंजिन फिरवल्यावर बॅटरीवर १४.५ च्या पुढे सतत दिसत असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बघा, कारण ते जादा व्होल्ट उष्णता होऊनच बाहेर पडतात.

कॉइल

भावाच्या गाडीचं दुखणं इथे निघालं. पॉइंटच्या काळात तिथे दोन कॉइल होत्या. पेटी बसवताना त्याने त्या काढून दोन तोंडांची एकच 'जोरदार' कॉइल लावली. मोजली तर प्रायमरी (बॅटरीकडची गुंडाळी) १.५ ओहम. पेटीसोबतच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: ३ ओहमपेक्षा कमी नको. तो कागद पाकिटातून बाहेरच आला नव्हता.

हिशेब साधा आहे. गाडी चालताना १४ व्होल्ट धरा. ३ ओहमला साधारण ४.७ अँपिअर, १.५ ओहमला ९.३. करंट सलग वाहत नाही आणि पेटीतही थोडे व्होल्ट पडतात, म्हणून खरे आकडे कमी येतील, पण दुप्पट ते दुप्पटच. कॉइलमध्ये दुप्पट उष्णता, पेटीतल्या ट्रान्झिस्टरमध्येही जवळपास तेवढीच वाढ. त्यात भावाने कॉइल आणि पेटी दोन्ही टाकीखाली, हेडच्या बरोबर वर, एकाच पट्टीवर आवळल्या होत्या. खालून इंजिन, आतून करंट.

स्वतःच्या कॉइलचं मोजमाप असं घ्या. मीटरची दोन टोकं आधी एकमेकांना टेकवा, जे ०.२ किंवा ०.३ दिसेल ते पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा. एवढ्या छोट्या रेझिस्टन्समध्ये ही चूक मोठी ठरते. मग गाडी गार असताना प्रायमरी, सेकंडरी (प्लगकडची गुंडाळी), पिकअप असे सगळे आकडे वहीत लिहा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांना ३ ओहम दाखवणारी कॉइल ८५ अंशांना ३.७ दाखवते, आणि ती एकदम निरोगी असते. गरम कॉइलचा आकडा वाढला म्हणून ती फेकणारे मी पाहिलेत. घाबरायचं ते आकडा गायब झाला तर, म्हणजे आतली तार गरम होऊन सुटते आहे. गरम असताना आकडा वाढायच्या ऐवजी घटला तर वेढे एकमेकांना चिकटतायत. सेकंडरीचं इन्सुलेशन मात्र मीटरला दिसत नाही. मीटरच्या बॅटरीचे दोन-चार व्होल्ट कुठे आणि तिथले हजारो कुठे! त्याला खरी परीक्षा ठिणगीचीच.

ड्रायर आणि ओलं फडकं

ही माझी आवडती पद्धत, थेट रेडिओच्या टेबलावरून उचललेली. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, जागा मोकळी आणि हवेशीर. केसांचा ड्रायर घेऊन एका वेळी एकाच भागाला तापवायचं. रंग सोलायची हीट गन अजिबात नको, ती कित्येकशे अंशांची हवा फेकते आणि चांगला भागही मारते. हाताला चटका बसेल इतपत, ६०-७० अंश पुरे. पाच मिनिटं पेटी. काही झालं नाही? ती गार होऊ द्या, मग कॉइल. मग पिकअपकडे जाणाऱ्या वायरी, त्या तापवताना बोटांनी हलवतही राहा.

इंजिन अडखळलं की लगेच उलट चाचणी: त्याच भागावर ओलं, पिळलेलं फडकं गुंडाळा. मिनिटा-दोन मिनिटांत सुधारणा झाली तर पुरावा पूर्ण. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीवरही हेच करता येतं, बाटली त्यासाठीच. फडकं फक्त कॉइलला किंवा पेटीला, तेही पाणी सांध्यांत न जाऊ देता. तापलेल्या सिलिंडरवर पाणी ओतू नका, पंख तडकतील.

भावाच्या कॉइलने चौथ्या मिनिटाला मान टाकली. दोन्ही जुन्या पेट्या टेबलावर ड्रायरखाली अर्धा तास बिनतक्रार चालल्या.

पिकअप इंजिनच्या कव्हरमागे असतो, शेजारच्या तेलाइतकाच तापतो, आणि तिथे ड्रायर नीट पोचत नाही. त्यामुळे तो गाडी फिरवून आणल्यावर, गरम असतानाच मोजायचा. साधा चुंबकीय पिकअप असेल तर गार आणि गरम दोन्ही रेझिस्टन्स जुळवा. हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की आउटपुट बदलणारी छोटी चिप) असेल तर रेझिस्टन्सवरून काही कळत नाही, पुरवठा देऊन त्याचं आउटपुट बदलतंय का ते इंजिन हाताने हळूहळू फिरवत बघावं लागतं. पण पिकअपपेक्षा त्याच्या वायरी जास्त मरतात. प्लेटला सोल्डर केलेल्या जागेपाशी आतली तार थरथरून तुटते आणि वरचं प्लास्टिक साबूत राहतं. वायर हळूच ओढून बघा; रबरासारखी लांबली तर आत तार उरलेली नाही. नवी लावताना बारीक तारांची लवचीक वायर घ्या आणि सांध्यापासून दोन बोटांवर तिला बांधून टाका.

बसवायची जागा

पेटी बॅटरीजवळ किंवा सीटखाली, हेडपासून जितकी लांब तितकी बरी. आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतील तर ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी खाली आणलं की त्यांचं आयुष्य दुप्पट होतं. सीटखाली जागा केली की एवढा फरक सहज मिळतो. रबरावर बसवावी की धातूवर, यावर लोक भांडतात. रबर थरथर अडवतं, पण उष्णताही अडवून धरतं. पेटीचं बूड ॲल्युमिनियमचं असेल तर उष्णता तिथूनच बाहेर पडायची आहे. अशी पेटी ३ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आवळा आणि ती पट्टी रबरावर घ्या. पूर्ण प्लास्टिकची, आत राळ ओतलेली पेटी नुसत्या रबरावर चालेल. फोममध्ये मात्र कोणतीच गुंडाळू नका. मी पाहिली आहे एक, दुलईत निजवल्यासारखी.

पिकअपच्या वायरी प्लगच्या वायरीपासून लांब न्या. प्लगची कॅप ५ किलोओहमची रेझिस्टर असलेली लावा, नाहीतर ठिणगीचा गोंगाट पेटीला खोटे इशारे देतो. प्लगचा गॅप 'ठिणगी जोरदार आहे' म्हणून वाढवू नका: गॅप वाढला की लागणारा दाब वाढतो, आणि तो पहिला पडतो कॉइलच्या तापलेल्या इन्सुलेशनवर. अर्थसाठी फ्रेमवर भिस्त नको, रंगाखाली ती बेभरवशाची. इंजिनपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र जाड वायर टाका.

टायमिंग स्ट्रोबने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने), पूर्ण ॲडव्हान्स येतो, म्हणजे ठिणगी सगळ्यात लवकर पडते, त्या वेगाला, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा. मागे पडलेलं टायमिंग इंजिन आणि एक्झॉस्ट दोन्ही तापवतं, म्हणजे 'इंजिनच्या उष्णतेने इग्निशन मरतंय' असं वाटत असताना उष्णतेचं मूळ इग्निशनमध्येच असू शकतं.

आम्ही ३ ओहमची कॉइल लावली, पेटी सीटखाली नेली आणि तीच चाळीस मिनिटं मुद्दाम दुप्पट केली. परत आल्यावर इंजिन बंद करून आणखी दहा मिनिटं थांबलो. वारा थांबला की टाकीखालची उष्णता आधी वाढते आणि खरी कसोटी तेव्हा लागते. मग किक. पहिल्याला सुरू. कॉइलला हात लावला तर धरवत होता, वहीत ३.४ लिहिलं.

उरलेल्या पेटीला गाडीच्या वायरिंगशी जुळणारे सॉकेट लावून भावाने ती फडक्यात गुंडाळून सीटखाली टाकली आहे. शेजारी मी पॉइंटची जुनी प्लेट आणि नवा कंडेन्सर ठेवला. त्याला ते आवडलं नाही, पण काढलंही नाही.