गुत्तेदारांनो, मिरगाच्या आत साइटवर एवढं बघून घ्या

मिरूग तोंडावर आलाय आन आपल्या लातूरकडं बऱ्याच साइटवर अजून खड्डेच खोदायलेत, म्हणून आधी खड्ड्याचंच सांगतो. काळी माती उन्हात दगडासारखी कडक दिसती पण एका पावसाचं पाणी भेगांत उतरलं की कड आख्खी खाली बसती, वरून काही कळत नाही. दीड मीटरच्या खाली माणूस उतरणार असंल तर दोन्हीकडून फळ्या-बल्ल्यांचा टेकू पाहिजेच, काढलेली माती कडेला ढीग मारून ठेवू नका, जेसीबी पण लांबच लावा. पाऊस पडून गेला की सकाळी आधी मिस्त्रीनं कड बघायची, मग बिगारी खाली. आमच्या एका साइटवर हे घाईत राहिलं आन कड बसली, जेवायची सुट्टी होती म्हणून खाली कोणी नव्हतं.

परांचीच्या गाठी भिजल्या-वाळल्या की सैल होतात, त्या परत आवळा. लिफ्टचा खड्डा न् स्लॅबमधली भोकं फळ्या ठोकून बंद करा. बेल्ट सगळे घालतात पण हुक मोकळा लटकत असतो, ते बघा. मिक्सर-व्हायब्रेटरला ईएलसीबी (करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच) लावा, जोड दिलेल्या वायरी फेकून द्या, आन गज वर चढवताना लाइटची तार किती लांब हाय ते आधी बघा.

आता दंडाचं. बांधकाम कामगारांच्या जुन्या 1996 च्या कायद्यात सुरक्षेचे नियम मोडले तर 2 हजारांपर्यंत दंड नाहीतर 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, म्हणून कोणी भीत नव्हतं, 2 हजारात तर चार चांगले बेल्ट पण येत नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगारांच्या सुरक्षेची नवी संहिता (कायदा) लागू झालीय, त्यात साधा दंडच 2 ते 3 लाख. हयगयीमुळं माणूस गेला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी 5 लाख दंड किंवा दोन्ही, आन त्यातला निम्मा तरी घरच्यांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. 10 च्या खाली कामगार असले तर हे लागत नाही म्हणून काहीजण मस्टरवर 9 च नावं ठेवतात, पण हलगर्जीपणानं मृत्यूचं पोलीस कलम 9 न् 10 बघत नाही, 5 वर्षांपर्यंत शिक्षा हाय त्यात.

कागदात मस्टर न् सेसच्या (कामगार कल्याणासाठी भरायच्या कराच्या) पावत्या ठेवा, आन 108 नंबर गेटवर मोठ्या अक्षरात लिहा. आन राहिला 90 दिवस काम केल्याचा दाखला, त्याच्याबिगर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात कामगाराची नोंदणी होत नाही, बिचारे सहीसाठी चार-चार चकरा मारायलेत. येत्या पगाराला बसून सगळ्यांच्या दाखल्यावर सह्या करून टाका.