सॅम्पल लाल आलं म्हणून फेकू नका! ट्रान्सप्लांट पेशंटचं हिमोलिसिस आणि आमच्या नेहमीच्या चुका

मिरजेत लॅब आणि ब्लड बँक करून 19 वर्षं झाली, तरी "सॅम्पल हिमोलाइज्ड, रिपीट पाठवा" (म्हणजे लाल पेशी फुटून सॅम्पल लाल झालंय) एवढं लिहून मोकळी होणारी पोरं बघितली की अजून डोकं फिरतं. बहुतेक वेळा चूक रक्त घेणाऱ्याचीच असते हे मान्य, बारीक सुई लावायची, सिरिंज जोरात ओढायची, ट्यूब खुळखुळ्यासारखी हलवायची. पण पेशंट कोण आहे ते तरी बघा की!

तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार, किडनी पुण्यात बसवलेली, 2 वर्षं झालेली. ताप आला म्हणून गावातच सेफ्ट्रिअॅक्झोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन चालू केलं. चौथ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे पिवळे. एका लॅबने सॅम्पल लाल म्हणून दोनदा परत पाठवलं, त्यात अख्खा दिवस गेला, आणि आमच्याकडे आला तेव्हा हिमोग्लोबिन 10.8 वरनं 5.9 वर. मी दुसऱ्या हाताची चांगली शीर धरून हळू रक्त घेतलं, मशीनमध्ये फिरवलं, प्लाझ्मा (वरचा पातळ भाग) परत लालच. लघवीच्या पट्टीवर रक्त भरपूर आणि मायक्रोस्कोपखाली लाल पेशी जवळपास नाहीतच, म्हणजे पेशी अंगातच फुटतायत. विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? तर "नेहमीच्याच गोळ्या ओ, बाकी काय नाय." पोराला म्हटलं घरातल्या सगळ्या स्ट्रिपा आणि बाटल्यांचे फोटो टाक, तेव्हा इंजेक्शन सापडलं. इंजेक्शनला लोक औषध धरतच नाहीत! कूम्ब्स (लाल पेशींना अँटिबॉडी चिकटल्यात का ते बघायची टेस्ट) कडक पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी इंजेक्शन त्याच तासाला बंद केलं, ते बंद करणं हाच मुख्य इलाज, बाकी स्टिरॉइड, रक्त वगैरे नंतरचं.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे कूम्ब्सचं वॉशिंग. पेशी सलाइनने 3-4 वेळा नीट धुवायच्या, दर वेळी वरचं पाणी पूर्ण ओतून टाकायचं, नाहीतर उरलेलं सीरम कूम्ब्स सीरमलाच (टेस्टसाठी घालायचं औषध) खाऊन टाकतं आणि तुम्ही छातीठोकपणे "निगेटिव्ह" लिहिता. घाई असलेली पोरं दोनदा धुतात, वर चेक सेल (आधीच अँटिबॉडी चिकटवलेल्या पेशी) पण घालत नाहीत. निगेटिव्ह ट्यूबमध्ये चेक सेल घातल्यावर गुठळ्या नाही आल्या तर टेस्ट बाद, पहिल्यापासून करा. सॅम्पल जांभळ्या झाकणाचंच (यात रक्त गोठत नाही) घ्या, गोठलेल्या रक्तात ट्यूबमध्येच कॉम्प्लिमेंट (रक्तातलंच एक प्रथिन) पेशींना चिकटून खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. आणि कूम्ब्स सीरम घातल्यावर ट्यूब ठेवून चहाला जायचं नाही, लगेच फिरवून वाचायची.

आता बाकीचं पटपट. नुसती कूम्ब्स पॉझिटिव्ह म्हणजे हिमोलिसिस नव्हे, सोबत रेटिक (नव्या बनलेल्या लाल पेशी) आणि पेशी फुटल्यावर वाढणारे एलडीएच, बिलिरुबिन बघा. रेटिक कमी असेल तर नव्या पेशी बनतच नसतील, मग मायकोफेनोलेट, व्हॅलगॅनसायक्लोव्हिर ही ट्रान्सप्लांटवाल्यांची औषधं किंवा पार्व्होव्हायरसकडे बघायचं. कूम्ब्स निगेटिव्ह, स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्तात) तुटक्या पेशी आणि प्लेटलेट कमी, तर ते टॅक्रोलिमस या किडनी टिकवणाऱ्या गोळीचं टीएमए (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन पेशी तुटणं) असू शकतं, पण म्हणून पेशंटने गोळी स्वतःहून बंद करायची नाही, किडनी जाईल! डॅप्सोन ही गोळी चालू असेल तर जी6पीडी बघा, हे एन्झाइम कमी असलं की त्या गोळीने पेशी फुटतात. आणि अॅंटिबॉडी स्क्रीन (सीरममधल्या अॅंटिबॉडी शोधायची टेस्ट) निगेटिव्ह आली म्हणून औषधाला क्लीन चिट देऊ नका, ही अॅंटिबॉडी बऱ्याचदा औषध समोर असल्याशिवाय दिसतच नाही.

ओ ग्रुपची किडनी ए ग्रुपच्या माणसाला बसवली आणि 1 ते 3 आठवड्यांत हिमोग्लोबिन घसरलं तर औषधाच्या मागे लागायच्या आधी डोनरचा ग्रुप विचारा. किडनीबरोबर आलेले डोनरचे लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) पेशंटच्या लाल पेशींविरुद्ध अॅंटिबॉडी बनवतात, तिथे ओ ग्रुपच्याच पेशी द्यायच्या. नातेवाईक विचारतात, "यांचा ग्रुप बदलला का ओ?" नाही बदलत, समजावून सांगा, नाहीतर पुढच्या वेळी कागदावर भलतंच लिहून आणतात.

तासगावच्या पेशंटच्या फाईलवर मी लाल पेनाने पहिल्याच पानावर मराठीत लिहिलं, "सेफ्ट्रिअॅक्झोन देऊ नये, रक्त फुटतं. त्याच घराण्यातलं दुसरं इंजेक्शन पण ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारूनच." पुढच्या वर्षी परत ताप आला तर कंपाउंडरने तेच इंजेक्शन भरलं होतं, बायकोने फाईल पुढे केली म्हणून राहिलं.